पुलाच्या बदल्यात राहिलेला हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. उजवा हात, आणि तोही फक्त मनगटापर्यंत. माझ्या तळव्यावर तुमच्या वर्गातली निम्मी मुलं मांडी घालून बसतील आणि तरी बाईंच्या खुर्चीला जागा उरेल. माझ्या आत लोखंडाचा सांगाडा आहे, त्यावर फोम आहे आणि त्यावर रबराची कातडी. त्या कातडीवर रंगाऱ्याने असा गंज रंगवला होता की शेजारी खरा गंज ठेवला असता तर तोच खोटा वाटला असता. हाताला डोळे कुठले, असं तुम्ही म्हणाल. पण अंधारात चाचपडताना तुम्ही कोणाच्या भरवशावर चालता, ते जरा आठवून बघा.

माझा जन्म एका सिनेमासाठी झाला. समुद्रातून डोंगराएवढा रोबोट वर येतो आणि बुडत्या शहराला वाचवतो, असा तो सिनेमा होता. त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला जात होता. रोबोटचं बाकीचं अंग वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीतले लोक संगणकावर घडवत होते. जिथे त्याला खऱ्या माणसाला स्पर्श करायचा होता, तिथे मात्र मी लागणार होतो.

आमचे दिग्दर्शक म्हणजे अजब माणूस. सिनेमा जिथे घडत होता त्या कारखान्याच्या रिकाम्या फरशीवर ते उभे राहायचे, वर छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "इथे त्याचं पाऊल पडेल." आणि मित्रांनो, तिथे काहीही नसताना सुतार, रंगारी, चहावाला, सगळे दोन पावलं मागे सरायचे! मी हे कितीदा तरी पाहिलं आहे. जे नाही ते दुसऱ्याला दिसायला लावणं, ही काही साधी गोष्ट नव्हे. मी तर त्यांच्याकडे बघतच राहायचो.

पण या माणसाला पुरे म्हणता येत नव्हतं. एक लढाई लिहून झाली की तिच्याहून मोठी दुसरी सुचायची. दुसरी झाली की तिसरी. सिनेमा जोडण्याचं, म्हणजे संकलनाचं काम त्यांची थोरली बहीण करायची. तिला सगळे ताईच म्हणत. ती हसून सांगायची की याला पोट भरलेलं लहानपणापासून कळतच नाही.

मला हलवायला पाच माणसं लागायची. काळ्या पडद्यामागे पाच दांडे होते. सायकलच्या ब्रेकला असते तशी तार प्रत्येक दांड्यापासून एकेका बोटात गेली होती. जो ज्या बोटाचा, त्याचं नावही तेच पडलं. सगळ्यात आडदांड, मिशाळ माणूस करंगळी होता. लोक त्यांना करंगळीकाका म्हणायचे आणि ते खुशाल ओ द्यायचे. अंगठा एक सडपातळ बाई होत्या. त्यांच्याशिवाय बाकीच्या चौघांचं पान हलत नसे.

या पाचांचा एक कडक नियम होता. तळव्यावर कोणी माणूस असेल आणि त्याने कुठल्याही बोटावर थोपटलं, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दांडा सोडायचा नाही, कारण सोडला तर मी उघडणार आणि माणूस खाली पडणार. पुढेही ढकलायचा नाही. तार ताणून धरायची आणि वाट बघायची. इतक्या ताणाने मला थरथर सुटायची, पण माणूस सुखरूप राहायचा.

माझा मोठा प्रसंग असा होता. एक म्हातारी गच्चीवर अडकली आहे, पाणी चढतंय, आणि रोबोट तिला उचलून घेतो. ती भूमिका एका वृद्ध अभिनेत्रीची होती. सगळे त्यांना आजी म्हणत. आजी तळव्यावर बसल्या. करंगळी मिटली, तिच्या मागोमाग बाकीची बोटं मिटू लागली. आणि मध्येच आजींनी माझ्या तर्जनीवर हलकेच थोपटलं.

पडद्यामागे पाचही जण थिजले. मी अर्धवट मिटलेला तसाच राहिलो आणि थरथरू लागलो. आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हात काढून घेतला तेव्हा कुठे बोटं पुन्हा हलली, आधीपेक्षा सावकाश, आणि त्यांच्याभोवती मिटली.

दिग्दर्शक भडकले. एवढं अफाट यंत्र असं अडखळतं कसं, म्हणून त्यांनी करंगळीकाकांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. काकांनी आजींकडे बोट दाखवलं. नियमाची सूचना आजींना सकाळीच दिली होती, पण भूमिकेच्या भरात त्या ती साफ विसरल्या होत्या.

"मला काही त्रास नव्हता," आजी म्हणाल्या. "हाच घाबरलाय असं वाटलं मला. म्हणून थोपटलं."

सगळे हसले, दिग्दर्शक मात्र हसले नाहीत. त्यांनी काचेच्या खोलीतल्या लोकांना त्या जागी संगणकावर दुसरा हात करायला सांगितलं. तो हात झालाही, आणि छान झाला. तो म्हातारीला झटक्यात, बिनचूक उचलायचा. ताई मात्र अडून बसली. ती म्हणाली की अख्ख्या सिनेमात तुझा रोबोट एकदाच जिवंत वाटतो, आणि तेच तू फेकून देतोयस. भावंडांची पुष्कळ जुंपली. शेवटी ठरलं की पहिल्या खेळाला माझाच प्रसंग दाखवायचा. लोक हसले, तर मी बाद. मित्रांनो, मी ज्या कामासाठी जन्मलो, ते कोणाला दिसणार की नाही, हे आता त्या एका खेळावर होतं. मला खूप भीती वाटत होती.

आमच्या दिग्दर्शकांची एक पद्धत होती. सिनेमा आधी तो घडवणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवायचा, तोही कारखान्यातच. मोठं पांढरं कापड ताणलं, उपाहारगृहातल्या खुर्च्या आणल्या. क्रेनशिवाय मला जागेवरून सरकवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून मी कडेला तसाच राहिलो आणि मलाही सिनेमा बघायला मिळाला.

काय सांगू तुम्हाला! समुद्र फुगला, फाटला, आणि त्यातून आधी डोकं आलं, मग खांदे आले. अंगावरून धबधबे कोसळत होते. मग एक दंड वर आला, त्याला कोपर होतं, आणि त्या दंडाच्या टोकाला मी होतो. मला कोपर आहे हे मला तेव्हा कळलं. मला छाती होती, पाय होते, मी ढगांना लागत होतो. सगळ्या खुर्च्यांतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. दिग्दर्शकांना इतके दिवस फरशीवर काय दिसत होतं, ते आज सगळ्यांना दिसलं.

पहिल्या लढाईला लोकांची तोंडं उघडी राहिली. दुसऱ्या लढाईत खुर्च्या करकरू लागल्या. कोण कोणाला मारतंय ते कळेना. माणसं नुसती ओरडत आणि धावत होती, एकाचंही नाव लक्षात राहीना. तिसरी लढाई नदीवरच्या पुलावरची होती. ती सगळ्यात देखणी होती. भर पावसात रोबोटने कोसळणारा अख्खा पूल खांद्यावर पेलून धरला होता. पण तोवर लोक पार दमले होते. एक आई खुर्चीखाली पोरीची चप्पल शोधत होती. करंगळीकाका तर घोरत होते. दिग्दर्शक माझ्याजवळ उभे होते. ते पडद्याकडे पाहत नव्हते, माणसांकडे पाहत होते.

मग म्हातारी आली. मी आलो. तिने थोपटलं आणि मी थांबलो, थरथरलो.

कोणी हसलं नाही. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. अंगठ्याने हे स्वतः केलं होतं, तरी त्या बाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. ज्यांनी तो दुसरा हात बनवला होता, ते काचेच्या खोलीतले लोकही पुढे झुकले होते. माझा जीव भांड्यात पडला.

खेळ संपला, माणसं घरी गेली. दिग्दर्शक माझ्या अंगठ्यावर टेकले. म्हणाले, "ताई, तू जिंकलीस. हात राहील."

"असा नाही राहणार," ताई म्हणाली. "पुलावर सगळे दमतात. म्हातारी हातावर बसते तेव्हा अर्धी माणसं अजून दम घेत होती. हात हवा असेल तर आधीची एक लढाई काढावी लागेल."

त्यांनी दुसरी लढाई काढायला सांगितली. ताई म्हणाली की तिच्यात नायक हरतो, ती काढली तर गोष्टच तुटेल.

"पुलावर काही घडतच नाही रे," ती हळूच म्हणाली. "तो नुसता सुंदर आहे."

त्या पुलावर काचेच्या खोलीतल्या लोकांनी ऋतूमागून ऋतू घालवले होते, आणि दिग्दर्शकांच्या स्वतःच्या मनात तर तो लहानपणापासून होता. मग ते म्हणाले, "पूल काढ."

हा निरोप त्यांनी दुसऱ्याच्या हाती पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी पुलाच्या लोकांना खाली बोलावलं आणि माझ्यासमोर उभं राहून स्वतः सांगितलं. चूक तुमची नाही, मी फार मागत गेलो, असं म्हणाले. पुलावरचे दिवे आणि पाऊस जिने केला होता, तिने एवढंच विचारलं, "सगळा?" त्यांनी मान हलवली. करंगळीकाकांची माफीही त्यांनी तेव्हाच मागितली. काका म्हणाले, "राहू द्या साहेब, मी तुमच्या लढाईत झोपलो. फिटंफाट."

सिनेमा लागला. लोक म्हणाले, एवढा मोठा, एवढा जड, एवढा खरा रोबोट आम्ही कधी पाहिला नव्हता. लोक असंही म्हणाले की सिनेमा अजूनही लांब आहे आणि खलनायकाला इतका राग कशाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. दोन्ही खरं होतं. आणि जवळजवळ प्रत्येकजण माझ्याबद्दल बोलला. पुलाबद्दल कोण बोलणार?

आता मी कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. माझ्या तारा दुसऱ्या कामाला काढून नेल्या. कातडीला भेगा पडल्या आहेत, फोमचा भुगा होतोय. सहलीला आलेली मुलं माझ्यावर खिळ्याने नावं कोरतात. मित्रांनो, हे करू नका. बसा, फोटो काढा, पण चपला काढून बसा.

दिवे करणारी ती बाई अजून वरच काम करते. कधीकधी ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येते आणि माझ्या तळव्यावर बसते. ज्याच्यापायी तिचं केलेलं काम वाया गेलं त्याच्याच मांडीवर म्हणा ना. मला तिच्याशी बोलता येत नाही. आलं असतं तर एवढंच सांगितलं असतं, की बाई, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. शेवटी पूल कोसळला तेव्हा कठड्यावरचा एक दिवा पाण्याखाली गेल्यावरही जळत होता, आणि त्याच्याभोवतीचा पाऊस पिवळा झाला होता. पुढे लगेच स्फोट झाला, म्हणून तो कोणाला दिसला नाही. मला दिसला.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी पडद्यावर काहीतरी अचाट चाललेलं असेल, तेव्हा थोडं कडेलाही बघत जा. तिथे कोणीतरी एक दिवा लावलेला असतो.