उस्वाचे कान

मी चिडले की भांडी घासत बसते. त्या शरदात आमच्या घरातली सगळी भांडी लखलखत होती. बंदुकीच्या तोंडावर सायलेन्सर कसा बसवायचा, एवढी साधी गोष्ट मला कुणी धड सांगेना!

सायलेन्सर घ्यायचा हे पक्कं होतं. उस्वा, माझी करडी कुत्री, मूस, म्हणजे घोड्याएवढं रानहरीण, अडवण्यात रशियाच्या सरहद्दीवरच्या आमच्या कुह्मो गावच्या सबंध शिकारमंडळात एक नंबर. ती भुंकून भुंकून त्या धुडाला जागच्या जागी खिळवते, मी दबकत जवळ जाते आणि गोळी घालते. म्हणजे बार होतो तो तिच्या कानाशीच. तिच्या आईचे, तुइस्कूचे, कान माझ्या नवऱ्याच्या, आर्वोच्या, बिनसायलेन्सरच्या उघड्या बंदुकीने असेच गेले. एका सकाळी ती रस्त्यात उभी होती, मागून ओंडक्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरने भोंगा दाबून धरला होता. तिने मानसुद्धा वळवली नाही. मी फाटकातून बघत होते. उस्वाचं तसं होऊ द्यायचं नाही, बस्स.

पण बसवायचा कसा?

माझा धाकटा भाऊ वेइक्को बंदुका दुरुस्त करतो. त्याच्याकडे गेले.

"आटे, आउने, साधे आटे! नळीच्या तोंडाला पाडून देतो. सायलेन्सर पिळून बसवायचा, विषय संपला."

"आणि सैल झाला तर?"

"अधूनमधून हात लावून बघायचं."

"तोवर मूस काय माझ्यासाठी कॉफी पीत थांबणार?"

त्यावर तो दाढीत काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात, वैताग आहे नुसता.

आमचा शिकारप्रमुख योर्मा म्हणाला, खटक्याचाच घे. नळीला एक जोड कायमचा लावायचा, सायलेन्सर त्यावर सरकवून जरा फिरवला की खट्! "वेइक्कोचं ऐकशील तर पिळेपिळेपर्यंत मूस रशियात पोचेल!" तो गरजला. योर्माचा आवाज म्हणजे काय, तळ्यापलीकडे ऐकू जातो.

वेइक्को म्हणाला, "खटक्यात एक कण अडकला की बसशील बोंबलत."

मग कायानी शहरातल्या बंदुकांच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने तिसराच प्रकार काढला, आतून निमुळता, म्हणे दर वेळी नेमका त्याच जागी बसतो आणि नेम हलत नाही. त्याने बराच वेळ समजावलं. अर्धं मला कळलं नाही, कारण अर्धं तो फळीकडे तोंड करून बोलत होता. घरी येऊन मी आटे ठरवले, सौनात, वाफेच्या खोलीत, बसल्यावर निमुळता ठरवला, झोपताना पुन्हा आटे. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी खटक्याचा घेतला. का, तर योर्माचं म्हणणं तेवढं मला स्वच्छ कळलं होतं.

चाचणीला गोळ्या मस्त बसल्या. मी वेइक्कोला चार दिवस टोमणे मारले.

मग तो दिवस उजाडला. मंडळाच्या परवान्यातला एकच बैल, म्हणजे नर मूस, उरला होता, आणि गावजेवणाच्या रश्श्याला मांस कमी पडत होतं. उस्वाने बैल अडवलाय हे मला फोनवरच्या नकाशात दिसलं. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून ते कळतं. दाट झाडीत लांब नळी फांद्यांत अडकते, म्हणून आम्ही सगळे करतो तसा सायलेन्सर काढून खिशात टाकला आणि निघाले.

बैल एका उन्मळलेल्या झाडाशी उभा होता. उस्वा त्याच्या नाकासमोर नाचत होती. मी खिशातून सायलेन्सर काढला, सरकवला, फिरवला. बसेना! पुन्हा फिरवला, छे! आत बोट घातलं तर काय, वाळलेल्या मांसाचा चुरा, उस्वाचा खाऊ, त्याच खिशातला. थंडीने गोठून खटक्यात घट्ट बसला होता. नखाने खरवडलं, फुंकलं, देवाचं नाव घेतलं, शिव्यासुद्धा दिल्या. बैल अजून उभाच. उघड्या बंदुकीने एक बार, आणि सगळं गाव जेवलं असतं.

मी बंदूक उचलली. उस्वाचे ते दोन ताठ कान बैलाच्या छातीखालीच दिसत होते. मी बंदूक खाली घेतली. बैल निघून गेला.

रेडिओवर योर्मा ओरडला, "अगं बार का नाही झाला?"

"तुझा खटका!" मी म्हटलं आणि यंत्र बंद करून टाकलं.

उस्वाला पट्टा लावून रस्त्याने गाडीकडे चालले. आता यांचे टोमणे वर्षभर ऐकायचे. आटे घ्यायला हवे होते. की निमुळता? घोळ होता तसाच. रस्ता शांत होता, बर्फात शांत असतो तसा. एकाएकी उस्वाने कान मागे वळवले आणि पट्ट्याला असा हिसडा दिला, की मी कडेच्या खड्ड्यात तोंडावर पडले. माझ्या पायांजवळून ओंडक्यांचा ट्रक गेला आणि पुढे जाऊन थांबला.

ड्रायव्हर उडी मारून धावत आला. तोंड पांढरंफटक, ओठ हलत होते. अगदी जवळ आला तेव्हा शब्द कळले.

"केव्हाचा भोंगा दाबून धरलाय, बाई! तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत!"

उस्वा माझ्या तोंडावरचा बर्फ चाटत होती. तो तोंडातल्या तोंडात बोलतोय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं आर्वो बार काढायचा तेव्हा त्याच्या खांद्याशी मीच तर उभी असायचे.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं. हे मी कुणालाही पहिल्यांदाच सांगत होते.