नातिविदाद मावशीचा पाटा

"निखारे? म्युझियमात?" अबुंदियोदादा दारातच आडवे उभे राहिले. "डोकं फिरलंय का तुझं?"

माझ्या हातात निखाऱ्यांचं घमेलं होतं आणि मागे, भाच्यांनी खुर्चीसकट उचलून आणलेली नातिविदाद मावशी.

गावसभेनं यंदा म्युझियम माझ्या गळ्यात घातलं होतं. बिनपगारी सेवा, आमच्या या मेक्सिकोतल्या खेड्यात ती कुणालाच चुकत नाही. दादा म्युझियमच्या समितीचे प्रमुख. गावानं दिलेली वस्तू या छपराबाहेर जायची नाही, हा नियम त्यांचाच. वाहाका शहरातले व्यापारी आमचे जुने मुखवटे उचलून घेऊन गेले, त्यानंतर केलेला. नियम चांगलाच आहे.

पण मावशीचा तीन पायांचा पाटा काचेआड होता. गावातल्या प्रत्येक लग्नात नि मयताला प्यायचं चॉकलेट तिनं त्यावरच वाटलेलं. कंबर गेली तेव्हा स्वतःच आणून दिला. आता डॉक्टरांनी हात टेकले होते आणि डोळे मिटण्याआधी तिला नातीला, लुसिलाला, वाटायला शिकवायचं होतं. दुसऱ्या कुठल्या दगडावर नाही, ह्याच्यावरच.

"वस्तू बाहेर न्यायची नाही ना?" मी म्हटलं. "नाही नेत. बाईच आत आणलीय."

"आणि आग लागली म्हणजे?"

"अबुंदियो," मावशी खुर्चीतून म्हणाली, "स्वतःच्या लग्नात तीन वाडगे ढोसलेस. तेव्हा नाही विचारलंस, निखारे कुठले म्हणून!"

दादा बाजूला झाले.

काच उघडून आम्ही पाटा जमिनीवर मांडला, खाली निखारे सारले. दगड तापला तशा भाजलेल्या कोकोच्या बिया तेल सोडू लागल्या. लुसिला वाटता वाटता घामाघूम झाली.

"मनगटानं नको, कमरेनं रेट. आणि घाई कसली तुला? मरतेय मी, तू नाहीस."

लुसिला हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, लाजायचं काय त्यात! मावशीनं बोटभर चॉकलेट चाखलं आणि म्हणाली, "जमेल."

पुढच्याच आठवड्यात ती गेली. तिच्या मयताचं चॉकलेट लुसिलानं म्युझियमातच वाटलं. निखाऱ्यांचं घमेलं या खेपेला दादांनी आणलं.

दुपारी सगळे स्मशानातून परतल्यावर मी पाटा पुन्हा काचेआड ठेवला. शेजारच्या फलकावर लिहिलेलं होतं, 'पूर्वी यावर चॉकलेट वाटत असत.' त्यातला 'पूर्वी' कुणीतरी कोळशानं खोडला होता.

दादा कोपऱ्यात पाव बुडवून चॉकलेट पीत बसले होते. त्यांची बोटं काळी झालेली होती.