भोंग्यावरची शर्यत

कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचा तलाव खोदला तो बॉयलरला पाणी पाजायला. पण पाणी दिसलं की माणूस गप्प बसतो थोडाच! पांढुर्ण्याचे लोक रविवारी तिथं पोहायचे, काठावर चिवडा खात बसायचे. छप्पन साली तर मालकानं नागपूरहून चक्क एक रंगीत नाव आणली आणि तिच्यावर पगारी नावाडी नेमायचं ठरवलं.

ती जागा मला हवी होती. मी, कवडू, अकरा वर्षं जिनात कापसाचा धुरळा गिळत होतो. उघड्यावर बसून, स्वच्छ हवा खात पोट भरायचं, आणखी काय पाहिजे? पण लोधीखेड्याची मनकर्णाही हटून बसली. तिचा बाप पावसाळ्यात गूळ पकवायच्या कढईत माणसं बसवून नदीपार करायचा, आणि हीही तेच शिकलेली. मॅनेजर रघुनाथराव हसले. म्हणाले, "कढयांचीच शर्यत लावू. जिंकेल त्याची नाव."

दिवस पहिल्या नोव्हेंबरचा. नवा प्रांत झाला, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडं मध्य प्रदेशात राहिलो, म्हणून जिनाला सुट्टी. सारं गाव बांधावर लोटलं होतं. काठाला नऊ कढया. आठांत आम्ही जिनातले गडी, नववीत मनकर्णा. भोंगा वाजला की सुटायचं, म्हणून इंजिनवाल्या नत्थूजीनं मुद्दाम बॉयलर पेटवला होता.

भोंगा वाजला. आणि मी पळालो!

कढईतून उडी मारून, चिखल तुडवत, थेट जिनाच्या फाटकाकडं. मागं सातही जण. भोंगा थांबायच्या आत पोचलो नाही तर फाटक बंद, हे अकरा वर्षांत पायांना इतकं पाठ झालेलं की त्यांनी मला विचारलंच नाही. फाटकाला कुलूप दिसलं तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं.

"अबे कवडू, कुठी पयून राहिला? सुट्टी हाय ना बे आज!" बांधावरून कुणीतरी ओरडलं.

उलटा धावलो. कढईत बसून दोन्ही हातांनी पाणी मारत सुटलो. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. पण मी मध्यावर गरगर फिरत असताना मनकर्णा पलीकडच्या काठाला शिवून परतलीसुद्धा.

रघुनाथराव उठले. "ही शर्यत धरायची नाही. गोंधळ झाला. पुन्हा लावू."

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू?

मनकर्णानं पदर खोचला. "लावा ना जी. दहा खेपा भोंगा वाजवा. हे दहाही खेपा फाटकाकडंच पयतीन."

असा संताप आला मला! कढईत ठाण मांडलं, कडा गच्च धरल्या. मनाला बजावत राहिलो, सुट्टी आहे, सुट्टी आहे.

नत्थूजीनं भोंग्याची साखळी ओढली.

गाव खो खो हसायला लागलं तेव्हा मी खाली पाहिलं. माझा एक पाय कढईबाहेर, चिखलात होता. बाकीच्या सातांचंही तेच. मनकर्णा तर निघालीच नव्हती. हाताची घडी घालून माझ्याकडं बघत बसली होती.

"राहू द्या साहेब," मी म्हणालो. "नाव तिलेच द्या."