खानदानी खाज

नदीकाठच्या मोम्पोस गावात दोन्या ओतिलियाच्या, म्हणजे ओतिलियाबाईंच्या, घराची फरशी इतकी लख्ख असे, की पाद्रीबाबासुद्धा उंबऱ्यावर बूट काढू का नको म्हणून घुटमळायचे. अशा घरात ईस्टरच्या आधीच्या उपासांच्या दिवसांत तिलाच खाज सुटली. मांड्यांच्या मागे, कोपरांवर लाल गांधी उठल्या, त्याही ओळीने.

"डास असतील, आई," सून यानेरिस म्हणाली.

"डास रांग लावून चावतात होय गं? तुझा तो कुत्रा आहे, त्याच्या पिसवा."

यानेरिस लग्न होऊन येताना कनेलो नावाचा एक तपकिरी कुत्रा बरोबर घेऊन आली होती. सासूला निमित्तच हवं होतं. कनेलोची रवानगी नदीपलीकडे मावशीकडे झाली. यानेरिस दोन दिवस जेवली नाही.

खाज थांबेना. औषधांच्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि निदान केलं, "मासे सोडा." बोकाचिको मासा सोडणं म्हणजे मोम्पोसच्या माणसाने नदी सोडण्यासारखं. तरी तिने तो सोडला. वरणभातासारखं मिळमिळीत खाऊन चेहरा उतरला, गांधी मात्र होत्या तशाच.

मग गादीवर नजर गेली. यानेरिसच्या माहेरची कापसाची गादी दोन्या ओतिलियाने स्वतः ओढत परसात नेली आणि रॉकेल ओतून पेटवली. धुराने सगळा शेजार खोकला. फेरीबोटीवर कामाला असलेला मुलगा सुट्टीला घरी आला, त्याला दोरीच्या झोळीत झोपावं लागलं.

"आता बघ," सकाळी सासू परसातल्या राखेकडे बघत म्हणाली, "घर शुद्ध झालं."

त्याच संध्याकाळी, शुक्रवारच्या जपमाळेला बैठकीत आलेल्या बायकांसमोर तिला बसवेना. देवाचं नाव घेताना ती एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर कलत होती.

बायका गेल्यावर यानेरिस ग्लास उचलता उचलता म्हणाली, "आई, मला का नाही हो चावत?"

"तुझं रक्त कडू असेल."

"असेल. पण ह्यांना कालपर्यंत काही नव्हतं. आज दुपारी बैठकीत पेपर वाचत बसले, आणि आता पाठ खाजवतायत. त्यांचं रक्त तर तुमचंच ना?"

दोन्या ओतिलियाने आपल्या खुर्चीकडे पाहिलं. बैठकीत चार झुलत्या खुर्च्या होत्या, विणलेल्या वेताच्या. उपासांच्या तोंडावर एका जुन्या सरदार घराण्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा तिने त्या हट्टाने घेतल्या होत्या. "यांच्यावर सरदार बसलेत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. म्हणूनच सुनेला तिथे बसायची मुभा नव्हती. ती आपली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर.

यानेरिसने उकळत्या पाण्याची किटली आणली.

"खबरदार! पॉलिश जाईल!"

"पॉलिश जाऊ दे, आई."

वेताच्या विणीत पाण्याची धार पडली आणि आतून ढेकूण बाहेर आले. एक नाही, दोन नाही, अख्खं गोत. फुगलेले, तांबडे, अगदी खात्यापित्या घरचे.

दोन्या ओतिलिया मटकन खाली बसली, फरशीवर. मग म्हणाली, "सरदारांचं रक्त पिऊन आलेत मेले." आणि तिला हसू फुटलं. यानेरिस आधी घाबरली, मग तीही हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी कनेलोला आणायला सासू स्वतः होडीत बसली. येताना तिला आठवलं, महिनाभर दर शुक्रवारी साऱ्या गल्लीला आपण त्या खुर्च्यांवर बसवलंय. तिचं मन खाऊ लागलं. लाज गिळून ती पहिल्यांदा दोन्या ब्रिहिदाकडे गेली.

"ब्रिहिदा, माझ्या खुर्च्यांत ढेकूण निघाले. तुझ्याकडेही आले असतील. विणीत, शिवणीत उकळतं पाणी टाक."

"अगंबाई! ढेकूण? आमच्याकडे?" ब्रिहिदाने छातीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने ती घोटा खाजवत होती. "आमच्याकडे उष्मा झालाय, बाई. यंदा उष्माच फार."

पुढच्या घरी पित्त निघालं. त्याच्या पुढच्या घरी आंबा बाधला होता. कोपऱ्यावरच्या घरी नव्या सुनेने कसलातरी साबण आणला होता, आणि तिची गादी परसात उन्हात पडलेली दिसत होती. शेजारी रॉकेलचा डबा.

"गादी जाळू नकोस," दोन्या ओतिलिया कुंपणावरून तिथल्या सासूवर ओरडली. "सुनेला विचार, ती कुठे बसत नाही ते!"

त्या बाईला वाटलं, उपासाने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

जपमाळ मात्र दोन्या ओतिलियाकडेच होत राहिली. गावात बैठक तिचीच सगळ्यात चांगली. शुक्रवारी बायका यायच्या आणि आपापल्या घरचा उष्मा, पित्त, आंबा स्वच्छ खुर्च्यांत सोडून जायच्या. शनिवारी सकाळी यानेरिस एकेक खुर्ची आडवी धरायची, आणि सासू किटली ओतायची.

"ब्रिहिदाची कुठली गं?"

"ही, आई. जपून, पायावर सांडेल."

"हिच्यावर जरा जास्त ओतू," सासू म्हणायची. "उष्मा फार आहे तिला."