मोजणीच्या साखळीने ऐकलेले पाणी

मित्रांनो, तेहतीस फूट लांबीची, दोन टोकांना पितळी मुठी असलेली मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. माझ्या लांबीचे सोळा भाग, त्यांना म्हणायचे आणे. जमीन कुणाची का असेना, पाटलाची की विधवेची, मी ती कधी बोटभर कमी-जास्त सांगितली नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पुण्याच्या एका कारखान्यात माझ्या कड्या वळल्या गेल्या. तिथून मी कुलाबा जिल्ह्यात आले आणि मुरारीरावांच्या हाती पडले. ते गावांची आखणी करणारे अधिकारी होते. रस्ता कुठून न्यावा, बाजार कुठे बसवावा, हे ठरवायचे त्यांचे काम. माझे दुसरे टोक सोनबा धरी. तो पोलादपूरकडचा, पायाने काटक आणि तोंडाने फटकळ.

मुरारीरावांची एक खोड होती. कुठल्याही जुन्या जागी गेले की ते आधी माणसांचे पाय पाहत. रायगडावरच्या बाजारपेठेत लोक इतिहास सांगत, तेव्हा हे जोत्यांपुढे उकिडवे बसून रस्त्याची रुंदी बघत. उमरठच्या समाधीपाशी लोक कुठे थांबतात, कुठून वळतात, याची त्यांनी वहीत रेघ काढली होती. महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मात्र ते काहीच न लिहिता बराच वेळ बसले. “सोनबा, पाणी सगळ्यांचं असतं. हे पाण्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, माणसांना उशिरा कळलं,” एवढेच म्हणाले.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या वैशाखात आम्ही वरंधच्या अलीकडच्या एका गावी गेलो. गावाचे नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेलच. एस.टी.चा थांबा आणि प्रवाशांसाठी पक्की शेड बांधायची होती. हैबती पाटलांनी देवळासमोरची मोकळी जागा दाखवली. “हितंच बांधा, साहेब. सपाट हाय. कुणाची मालकी नाय.”

जागा खरोखर तळहातासारखी सपाट होती. पण मुरारीराव बाजाराच्या दिवसापर्यंत थांबले. आणि मित्रांनो, त्या दिवशी आम्ही जे पाहिले ते विचित्रच होते.

टोपल्या घेतलेल्या बायका सरळ येत आणि त्या मोकळ्या जागेपाशी येताच वळसा घालून पुढे जात. बैलगाडीवाले वळत. धावणारी पोरे वळत. कुत्रीसुद्धा वळत. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, साधा दगड नाही. लोक जिथून वळत त्या कडेकडेने मुरारीरावांनी चुन्याची फक्की टाकायला सांगितली. संध्याकाळी पाहतो तर जमिनीवर लख्ख चौकोन उमटलेला, आणि पूर्वेच्या बाजूला, जिथे लोक आणखी लांबून वळत, तिथे दाराएवढी एक फट.

“इथून कुणी चालत का नाही?” त्यांनी एका गाडीवानाला विचारले.

“आमचा बा वळायचा, म्हणून आमी वळतो,” तो म्हणाला आणि बैलाच्या शेपटीला हात घालून निघाला.

दुसऱ्या दिवशी भर बाराच्या उन्हात मला त्या चौकोनातून आडवे धरले. एक साखळी भरली. उलट मोजले, तर एक साखळी आणि वर एक आणा! माझ्या जन्मात असे झाले नव्हते. मला लाज वाटली.

“साहेब, ही मधी वाकतीय,” सोनबा म्हणाला. “जमीन तर सपाट हाय. ही कशी काय झुलतीय?”

तो खरे बोलत होता. मी जिथे मातीला टेकत होते तिथे, बोटाच्या पेरानेच का होईना, माती दबत होती. वैशाखाच्या उन्हात माझ्या मधल्या कड्या गार पडल्या. आणि मग मला ऐकू आले. खालून, अगदी खालून, घागर बुडताना होतो तसा आवाज. बुडबुडबुड. थांबला. पुन्हा बुडबुडबुड. मी थरथरले. सोनबाला वाटले वारा सुटला, पण त्या दुपारी झाडाचे पानही हलत नव्हते.

मुरारीराव पाटलांकडे गेले. “खाली काय आहे?”

“काय बी नाय. तुमी बांधा. एकदा पक्कं झाकलं की निवांत.” बोलून गेल्यावर पाटलांनी जीभ चावली. त्यांची नजर जमिनीवरून उठेना. अहवाल सोमवारी जायचा होता. एकदा सही झाली की त्या शेडखाली रोज शंभर माणसे गाडीची वाट पाहत उभी राहणार होती, आणि परगावच्या माणसांना वळसा घालायची सवय नव्हती.

देवळाच्या पायरीवर प्रयागबाई नावाची एक म्हातारी बसे. मुरारीराव तिच्याजवळ टेकले. जागेबद्दल काहीच न विचारता ते म्हणाले, “आजी, तुम्ही लग्न होऊन या गावात आलात, तेव्हा पाणी कुठून आणत होतात?”

म्हातारीने त्यांच्याकडे बघितले. “माझी शपथ हाय, लेकरा. देवीच्या पायावर हात ठेवून घेतलेली. मी बोलायची नाय.”

मग ती उठली. रिकामी घागर तिने कमरेवर घेतली, पूर्वेच्या त्या फटीपाशी आली आणि लुगड्याचा घोळ जरा वर धरला. शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना बाई पाय आडवा टाकते ना, तसा तिने सपाट जमिनीवर पाय आडवा टाकला. एक. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला माती दबली तशी मुरारीराव ओरडले आणि सोनबाने तिला दंड धरून मागे ओढले.

सोनबाने पहार घेतली आणि लांबून, पालथे पडून, चौकोनाच्या आत मारली. पहार मातीत गेली. हातातून सुटली. दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

“पाणीच बोललं,” प्रयागबाई म्हणाली. “माझी शपथ फिटली.”

मग तिने सगळे सांगितले. ती बारव होती, पायऱ्यांची विहीर. महाडच्या तळ्यावर लोक ओंजळ भरून पाणी प्याले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीनेही आपल्या घागरी घेऊन इथे यायचे ठरवले. गावकी बसली. बारव बुजवली तर देवीचा कोप, कारण देवीच्या आंघोळीचे पाणी तिथलेच. उघडी ठेवली तर वस्तीचा हात पाण्याला लागणार. म्हणून एका दिवसात वर ऐनाच्या लाकडाचे वासे टाकले, माती पसरली आणि सगळ्यांना शपथ घातली. स्वतःचे पाणी स्वतःच झाकून ही माणसे पुढची तीस वर्षे उन्हाळ्यात कोसभर नदीवर गेली! तोंडे विसरली, पण पाय विसरले नाहीत. तीस वर्षांत वासे मात्र कुजून भुसा झाले होते.

शेड दुसरीकडे बांधली. बारव उघडली. मला पाण्यात सोडून मुरारीरावांनी खोली मोजली, ती माझी शेवटची खरी मोजणी. अहवालात त्यांनी लिहिले, “सार्वजनिक पाणवठा. पायऱ्यांना दार नसावे.” पहिली घागर वस्तीतल्या चंद्रभागेने भरली आणि प्रयागबाईने ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

पुढे मीटरची फीत आली. फूट गेले, आणे गेले. मुरारीरावांची बदली झाली आणि मी त्याच गावच्या चावडीत खुंटीवर गंजत राहिले. प्रयागबाईही गेली. मग एका वर्षी कुणीतरी म्हणाले, “बारवेत गुरं उतरतात. आडवं कायतरी लावा.” आणि मला खाली काढले.

मित्रांनो, आज मी त्या पूर्वेच्या फटीत, पायऱ्यांच्या तोंडाशी, दोन खुंट्यांना आडवी टांगलेली आहे. गुरे कधी आलीच नाहीत. खुंटीपाशी एक माणूस बसतो आणि येणाऱ्या बाईला विचारतो, “कुठल्या आळीची गो तू?” उत्तर ऐकून तो माझी मूठ उचलतो, किंवा उचलत नाही. चंद्रभागा घागर घेऊन बाजूला उभी राहते, कुणी वरून ओतेल या आशेने. जन्मभर मी कुणाची जमीन चोरली नाही, आणि आता माझ्याच अंगाने मी पाणी अडवते आहे.

भर बाराला तो माणूस जेवायला जातो. पायऱ्यांवर कुणी नसते. तेव्हा माझ्या कड्या पुन्हा गार पडतात आणि खालून घागर भरल्याचा आवाज येतो. मग पायऱ्यांवर प्रयागबाईसारखी आडवी पडणारी पावले वाजतात. ती माझ्यापर्यंत वर येतात आणि थांबतात. मूठ मात्र हलत नाही, ते काम जिवंत हाताचेच आहे.

मला तेल लावू नका, पुसू नका, गंजले तरी चालेल. पण तुम्ही कधी त्या वाटेने आलात तर एवढे करा. माझी मूठ खुंटीवरून काढा आणि मला जमिनीवर पडू द्या.