घरच्या शाळेतली दुसरी विद्यार्थिनी

मित्रांनो, मी लाकडाचा फळा आहे, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. माझ्या उजव्या अंगाला चीर गेली आहे आणि मधला रंग इतका झिजलाय की तिथे खडू नुसता घसरतो. तरीही रोज सकाळी दहा वाजता माझ्यावर धडा लिहिला जातो. तो कोणासाठी, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

एका सुताराने तीन फळ्या सांधून मला घडवलं. काळा रंग वाळल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "हा माझ्या मागेही शिकवत राहील." मला कोण अभिमान वाटला! मग मी एका शाळेत गेलो. आवाराच्या अगदी टोकाला पत्र्याची एक खोली होती, तिथे मला भिंतीशी उभं केलं. पुष्कळ वर्षं मी पाढे, कविता आणि नकाशे अंगावर वागवले. मुलं मला पुसायला भांडायची.

त्या खोलीत एक मुलगी यायची. सात-आठ वर्षांची असेल. ती बोलत नसे. हजेरी घेताना गुरुजी नाव पुकारायचे, ती हात वर करायची. पण गुरुजींची मान वहीत असायची. आवाज आला नाही की ते गैरहजेरी मांडायचे. चिडले की तिला माझ्याकडे तोंड करून उभं करायचे. तिचा श्वास माझ्या लाकडाला ऊन लागायचा. कोणाचं लक्ष नसलं की ती बोट ओलं करून माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहायची, 'हजर'. क्षणात ते वाळून जायचं.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी ती तशीच उभी होती. शाळा लवकर सुटली. गुरुजी वही काखेत मारून निघाले आणि शिपायाने बाहेरून कुलूप घातलं. मुलीने दार वाजवलं, पण ऐकायला आवारात कोणी उरलं नव्हतं. तिचे आईवडील गावभर शोधत फिरले. गुरुजींच्या घरी विचारायला गेले तेव्हा, तिला आपणच उभं केलं होतं हे विसरून त्यांनी वही उघडून दाखवली. वहीत ती आलीच नव्हती, त्यामुळे खोली कोणी उघडली नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पुढे ती शाळा बंद पडली. मी एका भंगारवाल्याच्या गोदामात जाऊन पडलो. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. तिथे मला कोणी हातही लावला नाही. पण कधीकधी खालचा कोपरा ओला व्हायचा. छत गळतंय, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

एके दिवशी एक बाई मला विकत घेऊन गेल्या. घरी त्यांचे यजमान मला बघून म्हणाले, "फळा आणलास की दार?"

"घरी शिकवायचं म्हणजे फळा हवाच," बाई म्हणाल्या.

त्यांच्या लेकीला घरात ठकू म्हणत. ठकूला शाळेत बोलायला जमत नव्हतं. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. हळूहळू ती घरातही गप्प झाली, तेव्हा आईने तिचा दाखला काढून आणला.

"शाळेशिवाय पोर शिकणार कशी?" वडिलांनी विचारलं.

"शाळेत तरी काय शिकली? गप्प बसायलाच ना?"

 वडिलांनी जेवणाच्या टेबलासमोर मला नीट टेकवून ठेवलं आणि मी हलू नये म्हणून खाली घडी घातलेलं पोतं सरकवलं.

आईने हौसेने वेळापत्रक लिहिलं. पाच तास, मधली सुट्टी, मोबाइलची घंटा. पहिल्या दिवशी ती हसत म्हणाली, "विद्यार्थिनी एकच आहे, पण नियम म्हणजे नियम. हजेरी घेते हं." तिने नाव पुकारलं. ठकूने मान खाली घातली. आईने आग्रह धरला नाही. दूध उतू जाईल म्हणून ती आत गेली. ठकू वाकून पेन्सिलीला टोक काढत होती.

तेवढ्यात माझ्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. 'हजर.'

मित्रांनो, खडू जागचा हलला नव्हता. अक्षरं ओली होती आणि तो ओलावा बाहेरून लागलेला नव्हता, माझ्या आतून आला होता.

आई परतली. तिने ते वाचलं आणि लेकीकडे बघून तिचे डोळे भरून आले. ठकूला वाटलं, आपल्या वतीने आईनेच लिहिलं. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी वेळापत्रक गुंडाळलं गेलं. ठकू घंटा वाजली की कानावर हात ठेवायची. आईने मोबाइल कपाटात टाकला आणि मोजपट्टी बाहेर काढली. दोघींनी खिडक्या मोजल्या, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, बादलीत किती तांबे पाणी मावतं ते पाहिलं. मग त्याचीच गणितं माझ्यावर चढली. आई गणित लिहून कामाला वळायची. परत येऊन बघावं तर कोपऱ्यात उत्तर तयार असायचं.

एकदा उत्तर चुकलं. भर अकराची वेळ, खोलीत लख्ख ऊन. आई म्हणाली, "ठकू, बघ बरं, हातचा विसरलीस."

ठकूचा चेहरा लाल झाला. तिच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी शब्द फुटले. "ते मी नाही लिहिलं."

"मग कोणी लिहिलं?"

"तूच लिहितेस की रोज."

"नाही गं," आई हळूच म्हणाली.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, कोणीही जवळ नसताना, एकेक अक्षर उमटत गेलं.

'बसू का?'

ठकू आईला बिलगली.  मला वाटलं, संपलं, आता मी पुन्हा भंगारात. पण आईने पदराला हात पुसले, टेबलाखालची दुसरी खुर्ची ओढली आणि ठकूच्या शेजारी मांडली.

"बस बाळा," ती म्हणाली.  "इथे कोणालाच उभं राहावं लागत नाही."

खुर्चीवरची उशी सावकाश खाली दबली.

संध्याकाळी वडिलांना हे कळलं. "उद्याच्या उद्या हा फळा घराबाहेर काढतो," ते म्हणाले.

"उद्या दहाला या आणि दारात उभे राहा," आई म्हणाली. "मग काय ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी वडील दारात उभे राहिले. आत ठकू रिकाम्या खुर्चीकडे वळून बोलत होती. "अगं, असं नाही. सात नि पाच बारा. दोन खाली, एक हातचा. कळलं? नाही? थांब, पुन्हा सांगते." वडिलांनी उशीला पडलेला खळगा पाहिला. त्यांच्या अंगावर काटा आला. पण किती दिवसांनी ते लेकीचा आवाज ऐकत होते. ते तिथेच उंबऱ्यावर बसले, कामावर जायला उशीर झाला तरी उठले नाहीत. मला घराबाहेर काढायची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

तीन वर्षं गेली. खुर्चीवरच्या दुसऱ्या मुलीला समजावता समजावता ठकू चुरूचुरू बोलायला लागली. मग तीच एकदा म्हणाली, "आई, मला शाळेत जाऊन बघायचंय." ती परीक्षा देऊन आली, प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी निघताना ती शेजारच्या खुर्चीपाशी थांबली, काहीतरी पुटपुटली आणि गेली.

वडिलांनी आईला विचारलं, "म्हणजे आता घरची शाळा बंद ना?"

"एकीची झाली," आई म्हणाली. "दुसरीचे अपूर्णांक राहिलेत अजून."

तेव्हापासून रोज दहा वाजता आई एकटी माझ्यासमोर उभी राहते आणि त्या खुर्चीकडे बघून शिकवते. शेजारणी खिडकीतून बघतात, आपसात कुजबुजतात. आई लक्ष देत नाही.

मित्रांनो, माझी चीर वाढते आहे. मला सांधायला आणि रंग द्यायला पुढच्या आठवड्यात सुतार येणार आहे. त्याने माझा खालचा कोपरा कोरा सोडावा, एवढीच माझी विनंती आहे. आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या वर्गात एखादं मूल काही बोलत नसेल, तर ते आलं आहे की नाही हे वहीत शोधू नका. मान वर करून त्याच्याकडे बघा, आणि सगळे निघाल्यावर खोलीचं दार लावण्याआधी आणखी एकदा बघा.