युटिलिटीतला गुम्मा

"हट्ट केला की काय करता तुम्ही?" ईशानची उंची मोजता मोजता डॉक्टर रक्षितांनी विचारलं.

अडीच वर्षांची नेहमीची तपासणी. लस नव्हती, ताप नव्हता, म्हणून मी निवांत होते. म्हटलं, "समजावतो ना. प्रेमानं."

"गुम्मा येतो," ईशान आवाज अगदी बारीक करून म्हणाला. "मशीनमधून."

डॉक्टरांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरचं. गुम्मा कोण, ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्या हसल्या. "आमच्या घरीपण होता हो. माळ्यावर राहायचा." माझे कान तापले.

गुम्मा आमच्या घरी आणला कावेरी अक्कांनी. ईशानला सांभाळायला येतात त्या. माझ्या पुण्याच्या बागुलबुवाला त्यानं कधी भीक घातली नव्हती, पण गुम्मा पहिल्याच दिवशी लागू पडला. स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीला इथे युटिलिटी म्हणतात. तिथलं वॉशिंग मशीन घरघरलं की अक्का कानडीत म्हणायच्या, "गुम्मा बंदा!" म्हणजे गुम्मा आला, की हा मुकाट्यानं भात गिळायचा. मग मीही म्हणायला लागले. आणि अगदीच ऐकेना तेव्हा एकदोनदा त्याला तिथे उभं करून दार लोटून घेतलं.

"शिस्त लावू नका असं नाही म्हणत मी," डॉक्टर म्हणाल्या. "लावायचीच. पण घाबरलेलं मूल ऐकत नाही, लपतं. त्याच्या उंचीवर बसायचं. आवाज खाली. काय करायचं ते एका वाक्यात सांगायचं. आणि मग स्वल्प थांबायचं. करा बघू."

"आत्ता? इथे?"

"मग काय, घरी जाऊन विसरायला?"

दवाखान्यातल्या खेळण्यांतला एक ठोकळा ईशानच्या हातात होता. मी गुडघ्यांवर बसले. "ईशान, ठोकळा टोपलीत ठेव." तो ठोकळा चाटत बसला. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. बऱ्याच वेळानं ठोकळा टोपलीत पडला. "बघा," त्या म्हणाल्या. "आयांना सगळं जमतं. थांबणं तेवढं जमत नाही."

घरी आल्यावर मी मशीन लावलं आणि नवऱ्याला, मुकुलला, फोनवर ही गंमत सांगत होते. अक्का गावाला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात डबा आदळला.

"ईशान! काय केलंस?" मी सवयीनं ओरडले.

धावत गेले. ओट्याखाली पोहेच पोहे, आणि पोरगा गायब. पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. मग पोह्यांमधून गेलेली छोटी पावलं दिसली. युटिलिटीच्या दाराकडे गेलेली. दार किलकिलं होतं.

स्वतःची शिक्षा घ्यायला तो स्वतःच गेला होता.

आत मशीन पिळायला लागलं होतं, थडथडत होतं. त्याच्यापासून दूर व्हायला ईशान पालथ्या बादलीवर चढला होता. एक पाय बादलीवर, दुसरा कठड्याच्या आडव्या गजावर, पोट कठड्यावर. आमचं घर नवव्या मजल्यावर आहे. जाळी बसवायची राहिली होती.

त्यानं मान वळवून मला पाहिलं. "आलो मी गुम्माकडे," तो म्हणाला. "आई, ओरडू नको."

मी एक पाऊल टाकलं. त्याचा बादलीवरचा पाय उचलला गेला. तो माझ्यापासूनही लांब जात होता. माझ्यापासून.

मी होते तिथेच खाली बसले. गुडघ्यांना पोहे टोचले. हात लांबवून दाराजवळचं मशीनचं बटण बंद केलं. थडथड मंदावत गेली आणि खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले. फोनमध्ये मुकुल "हॅलो, हॅलो" करत होता. आवाज खाली आणून मी म्हटलं, "ईशान, बादलीवर पाय ठेव."

आणि थांबले.

त्याची पँट वाऱ्यानं हलत होती. बोटं कठड्यावर पांढरी पडली होती. माझं सगळं अंग त्याच्याकडे झेप घेऊ पाहत होतं, आणि मी ते जमिनीवर दाबून धरलं होतं. देवा, आता. आता ठेव.

पाय हवेत चाचपडला. बादली सापडली. मग दुसराही आला.

"आता खाली उतर."

पुन्हा थांबले. तो बसला, घसरला, आणि मशीनला वळसा घालून भिंतीला चिकटत चिकटत माझ्या हाताच्या टप्प्यात आला. मग मात्र मी त्याला असा आवळला की तोच म्हणाला, "आई, दुखतंय."



"पोहे सांडले," तो म्हणाला.

"हो. आपण भरू."

"गुम्मा?"

मी मशीन उघडलं. मुकुलचे मोजे, माझी ओढणी, ईशानची हत्तीची चड्डी. त्यानं लांबूनच वाकून पाहिलं.

"गुम्मा नाहीये," मी म्हणाले. "आईनं खोटं सांगितलं होतं."

आणि थांबले.

त्यानं विचार केला. "अक्कानंपण?"

"अक्कानंपण."

तो पुढे झाला, मशीनचं दार दोन्ही हातांनी लोटलं आणि लागलंय ना ते दाबून पाहिलं. मग माझी ओढणी मुठीत धरून पोहे भरायला आला.